डोरीनची विल्हेवाट

हौगांग, सिंगापूर, १५ फेब्रुवारी

मीनल,

तुझी अट मान्य. फोन नाही, मेसेज नाही, व्हिडिओवर तोंड पाडून बसणं नाही. रविवारी ऋताशी बोलायचं ते फक्त ऋताशी, आणि तुला काही सांगायचं असेल तर कागदावर, पेनाने. "फोनवर तू मला दर वेळी पटवतोस आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की मला काहीच पटलेलं नव्हतं," असं तू लिहिलंयस. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. पटलं मला. आता यालाही तू माझी युक्ती म्हणशील.

चौकशी करायला पोस्टात गेलो होतो. काउंटरवरच्या बाईने विचारलं, आत काय असणार, ऑफिसचे कागद? म्हटलं, नाही, बायकोला पत्र. तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि दहा दिवस लागतील म्हणाली, कधी पंधराही. मग स्वतःहूनच म्हणाली, "नेव्हर माइंड, अंकल. शी विल वेट."

मुद्द्याचं तू फार थोडक्यात लिहिलंस. ज्यासाठी तू पुण्याला गेलीस ते तुझ्या आईंचं खुब्याचं हाड जुळलंय, पण तू परत येणार नाहीस. तेरा वर्षं माझ्या नोकरीच्या पासावर डिपेंडंट म्हणून काढलीस, आता तिथल्या शाळेत गणित शिकवतेस आणि ते तुला सोडायचं नाही. ऋताची नवी शाळा पंधरा जूनला सुरू होते. तोवर मी कायमचा आलो तर आपण तिघं. नाही आलो तर तुम्ही दोघी, आणि पुढचं वकिलामार्फत. मी काही गाळलं नाही ना?

मला यायचंच आहे. फक्त इथलं निस्तरायला वेळ हवा. कंपनीचं मोठं काम एप्रिलअखेर संपेल, मध्येच सोडलं तर बरं दिसणार नाही. मग आपलं 'मुहूर्त'. गणपतीत दोन घरांनी एकाच वेळेला गुरुजी बोलावले आणि लिफ्टपाशी भांडणं झाली, म्हणून मी दोन दिवसांत केलेलं ते अ‍ॅप आज तीनशे चाळीस कुटुंबं वापरतात. अख्ख्या बेटावर गुरुजी दोन. एक पुंगोलला अडकले की जुरोंगच्या बाई मला फोन करतात, निरांजन दोनदा विझलं, गुरुजींचा पत्ता नाही. ते कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय मला हलता येत नाही, आणि कुणी गळा पुढे करत नाही.

राहिली डोरीन, तुझ्या भाषेत माझी दुसरी बायको. तिचं नाव त्या इंग्रज मालकाने त्याच्या बायकोवरून ठेवलं होतं, यात माझा काय दोष? सत्तावीस फुटांची शिडाची बोट, वय माझ्याएवढं. विवेकने आणि मी मिळून घेतली, आणि लॉकडाउनच्या वर्षी पुण्याला परत जाताना त्याने त्याचा अर्धा भाग सही करून माझ्या पदरात टाकला. त्यानंतर ती चार वेळा समुद्रात गेलीय, तूही एकदा होतीस, उलट्या झाल्या होत्या. बोटींच्या क्लबचं म्हणणं असं, की जागा सोडायची तर आधी बोट हलवा. हलवायची तर तपासणी हवी. तपासणीला डोलकाठी भक्कम उभी हवी. आणि डोलकाठी ज्या डेकवर उभी आहे त्याच्या पोटातलं प्लायवूड कुजलंय. म्हणजे ती दुरुस्त केल्याशिवाय मला सिंगापूर सोडता येत नाही. मी हे मुद्दाम जुळवून आणलेलं नाही.

रविवारी ऋता अजून इथल्याच बोलीत म्हणाली, "बाबा, जस्ट कम, लाह. सो हार्ड मेह?" तिला सांग, थोडं हार्ड आहे.

प्रबोध


हौगांग, ८ मार्च

मीनल,

तुझं पत्र मिळालं. आई काठी न घेता गच्चीपर्यंत गेल्या हे वाचून बरं वाटलं. त्यांना नमस्कार सांग, त्यांना चालणार असेल तर.

बोटीचं काम सुरू केलंय. क्रेनने डोलकाठी उतरवून घेतली आणि डेकची वरची कातडी चौकोनात कापली. आतलं लाकूड चमच्याने निघत होतं, ओल्या चहापत्तीसारखं. हातभर कापलं की वाटतं संपलं, आणि कडेला पटाशी लावली की पुढेही तेच. शनिवारी हातभर होतं, रविवारी दोन हात झालं. नवं प्लायवूड बसवून वर राळ ओतली, तर हवेतल्या दमटपणाने ती आठवडाभर वाळेना. रोज सकाळी चालत जाऊन बोट लावून बघतो, बोट चिकटतं, परत येतो.

क्लबवर पाक मान म्हणून एक म्हातारा मलय सुतार आहे. पन्नास वर्षं लाकडी होड्या केल्या त्याने. तो माझ्या खड्ड्यात डोकावला आणि म्हणाला, "यू वॉन्ट टू सेल, ऑर यू वॉन्ट टू रिपेअर?" म्हटलं, आधी रिपेअर, मग सेल. "कॅनॉट, लाह," तो म्हणाला. "मॅन हू रिपेअर, नेव्हर सेल." आणि विडी ओढत निघून गेला. त्याला काय जातंय बोलायला?

एक गिऱ्हाईक येऊन गेलं. आपला निशिकांत, बँकवाला, मंडळाच्या आरतीला सगळ्यांच्या वरचा सूर लावणारा. आता सिटिझन झालाय, म्हणून त्याला बोट हवीय. गोऱ्या मित्रांना संध्याकाळी बसवायला. अर्धा तास बोटीवर होता, टोपी वगैरे घालून आला होता. त्याला काही पसंत पडली नाही. असतं एकेकाचं. दुसरं कुणी येईल.

'मुहूर्त'वर सध्या लग्नसराईची गर्दी आहे. ऑफिसात ठीक. जेवण वेळेवर. गेल्या रविवारी ऋता माझ्याशी चार मिनिटं बोलली, त्यातली दोन मिनिटं ती दुसऱ्या कुणाला काहीतरी टाइप करत होती. तेरा वर्षांच्या मुलीने चार मिनिटं दिली म्हणजे पुष्कळच म्हणायचं.

प्रबोध


पासिर रिस, २९ मार्च

मीनल,

होय, पासिर रिस. तू लिहिलंस, "हौगांगहून क्लबवर रोज सकाळी चालत कसा जातोस? दोन तास लागतील." पत्रात मी एवढं सांभाळून लिहितो आणि एका 'चालत'ने पकडला गेलो. जानेवारीतच फ्लॅट सोडला. तिघांच्या घरात एकट्याने राहायचं, स्वयंपाकघरात दिवा लावला की तुझे डबे ओळीने बघायचे, हे होईना. पासिर रिसला एका तमिळ कुटुंबाकडे खोली घेतली आहे, बोटीच्या जवळ. तुझं आणि ऋताचं सामान बारा खोक्यांत आहे, सगळं नीट आहे, प्रत्येक खोक्यावर यादी चिकटवली आहे. तुझी पत्रं हौगांगच्या समोरच्या दारातल्या आंटी ठेवून घेतात आणि मी जाऊन आणतो. तुला कळवलं नाही, कारण मी घर मोडलं असं तू म्हणाली असतीस. आणि ते खरंच होतं.

निशिकांतच्या बायकोने तुला काय लिहिलं तेही वाचलं. त्याला बोट नापसंत नव्हती. उलट फार आवडली होती, सुकाणू हातात धरून त्याने तीन फोटो काढून घेतले. "पुढच्या आठवड्यात घेऊनच टाकतो," म्हणाला. मग मी, त्याने काही न विचारता, केबिनची फळी उचलली आणि त्याला आतली कूज दाखवली. पटाशी आत घालून दाखवली. वर म्हटलं, खाली तळाचा कणा धरणारे कीलचे बोल्टही मला खात्रीचे वाटत नाहीत. बोल्ट ठीक आहेत, मीनल. मागच्याच वर्षी तपासलेत. तो बिचारा घाबरून उतरला, टोपी विसरून गेला. मी स्वतःला म्हटलं, आपण किती प्रामाणिक आहोत. संध्याकाळपर्यंत तसंच वाटत होतं.

तू विचारतेस, मी असं का केलं. कारण बोट गेली असती तर माझ्याकडे कारण उरलं नसतं. पुण्यात माझं काय होणार, सांग. सत्तेचाळिसाव्या वर्षी आईंच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या कडेवर बसलेला जावई, पेपर दोनदा वाचणारा. तू शाळेत जाशील, ऋता शाळेत जाईल, आणि दुपारी आई मला चहा विचारतील, मी नको म्हणेन. इथे मला कुणीतरी सारखं हाका मारतं. डेक कुजलंय, गुरुजी पोचले नाहीत, सर्व्हर पडलाय. त्या हाकांचा मला वैताग येतो आणि त्या थांबतील याची मला भीती वाटते.

आता चंद्राचं. तू त्यावर एक पूर्ण पान लिहिलंस. ती संकष्टी मला आठवते. तू खिडकीत उभी होतीस, समोरच्या ब्लॉकवर चंद्र चांगला दोन हात वर आला होता, आणि 'मुहूर्त'वरचं पंचांग म्हणत होतं की चंद्रोदयाला अजून दीड तास आहे. तू मला बोलावून दाखवलंस. मी काय म्हणालो तेही तू शब्दशः लिहिलंयस. तिथी पुण्याची, पंचांग पुण्याचं, तेव्हा चंद्रही पुण्याचाच धरायचा, इथला नुसता दिसतो. वीस मिनिटं बोललो मी. तुला पटवलं. आणि तू समोर चंद्र असताना साडेअकरापर्यंत उपाशी बसलीस. पुढच्या महिन्यातही बसलीस, आणि त्याच्या पुढच्याही. दोन वर्षं.

परवा मी प्रोग्रॅम उघडून पाहिला. पंचांगातल्या वेळा मी पुण्याच्या घड्याळाच्या घातल्या होत्या आणि प्रोग्रॅम त्या सिंगापूरच्या करताना त्यात इमानेइतबारे अडीच तास मिळवत होता. नऊचे साडेअकरा, आणि चंद्र तर इथेही नऊच्या सुमारालाच उगवतो. शाळेतल्या पोराने करू नये अशी चूक. त्या दिवशी तुझं ऐकून पाच मिनिटं बघितलं असतं तरी सापडली असती. दुरुस्त केली आणि सगळ्या कुटुंबांना माफीचा निरोप पाठवला. म्हटलं, लोक आता मला फाडून खाणार. तर बहुतेकांनी अंगठे पाठवले. एका बाईंनी लिहिलं, "अहो, आम्ही खिडकीतूनच बघतो." मग आणखी आठदहा जणींनी तेच लिहिलं. मंडळाच्या मेधाताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, ती वेळ चुकीची आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. म्हणजे तीनशे चाळीस घरांत माझ्या अ‍ॅपवर विश्वास ठेवून उपाशी राहिलेली तू एकटीच.

मला माफ कर असं लिहिणार होतो. पण मग तू माफ करावंस म्हणून हे सगळं लिहिल्यासारखं होईल.

प्रबोध


पासिर रिस, १२ एप्रिल

मीनल,

थोडक्यात लिहितो. मी राजीनामा दिला.

तुझ्या पत्राने माझे डोळे उघडले म्हण किंवा काहीही म्हण. शुक्रवारी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सांगून मोकळा झालो, की माझं कुटुंब पुण्यात आहे आणि मला तिकडे जायचं आहे. ते म्हणाले, विचार केलास का? म्हटलं, फार उशिरा केला. तीस एप्रिल शेवटचा दिवस. बोटीचंही आता काय ते करून टाकतो, ती दुरुस्त होवो न होवो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे असेन, पंधरा तारखेच्या बराच आधी.

ऋताला तूच सांग. मी सांगितलं तर ती आधी "रिअली?" म्हणेल, आणि ते ऐकायची माझी तयारी नाही.

तुझा,
प्रबोध


पासिर रिस, ९ मे

मीनल,

तुझं पत्र काल आंटींकडून आणलं. या वेळी पाकीट जाड होतं. लिफ्टमध्येच फोडलं आणि नवव्या मजल्यावरून खाली येऊन पुन्हा वर गेलो, कारण खाली उतरायचं भान राहिलं नाही. तू लिहिलंस की कपाटाची डावी बाजू रिकामी केलीस. आईंना सांगितलंस, दुसऱ्या दिवशी त्यांनी सोफ्याची जागा बदलून खिडकीपाशी टेबल लावायला सांगितलं, "त्याला कॉम्प्युटरला लागेल" म्हणून. आणि शेवटी तुझं ते वाक्य. "तेरा वर्षांत तू पहिल्यांदा आम्हाला निवडलंस."

ते वाक्य मी जन्मभर जपून ठेवलं असतं. पण ते माझं नाही.

मी राजीनामा दिला नाही. मला काढलं. आठ एप्रिलला सकाळी दहा वाजता बोलावलं, आत एचआरची मुलगी होती, टेबलावर टिश्यूचा डबा होता. आमच्या टीममधले नऊ जण. तीस एप्रिलला शेवटचा दिवस, हे तेवढं खरं लिहिलं होतं. पास परवा रद्द झाला. आता माझ्याकडे तीस दिवसांचा व्हिजिट पास आहे, पाच जूनपर्यंत. म्हणजे मी पाच जूनच्या आत इथून निघणार होतोच, तू असलीस तरी आणि नसलीस तरी.

त्या दिवशी मीटिंगमधून बाहेर आलो आणि पहिला विचार नोकरीचा आला नाही. पहिला विचार असा आला, की आता जायलाच लागणार, तर मग आपण होऊन गेलो असं का म्हणू नये? चार दिवस ते पत्र मनात घोळवलं. "फार उशिरा केला" हे वाक्य तर मला इतकं आवडलं होतं की मी ते दोनदा कच्चं लिहून पाहिलं. चंद्राची कबुली देऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. त्या कबुलीने तू मऊ झाली असशील, हेही मी हिशेबात धरलं होतं. फोनवर मी जे करायचो तेच कागदावर केलं, फक्त जास्त नीटनेटकं.

हे तुला कधीच कळलं नसतं. तिथे कुणाला काय कळणार? ऑफिसातला एकही जण आपल्या ओळखीत नाही. आज सकाळपर्यंत माझा विचार हाच होता की गप्प बसावं, येऊन चांगलं वागावं, जन्मभर. मग ते टेबल डोळ्यासमोर आलं, खिडकीपाशी लावलेलं. आईंनी बिचाऱ्यांनी कंबर दुखत असताना जागा करून घेतली, ती ज्या माणसासाठी केली तो मी नाही. त्या टेबलाशी मला बसता येणार नाही.

बाकीचंही सांगून टाकतो. 'मुहूर्त' मेधाताईंना दिलं. त्यांच्याकडे गेलो, कसं सांगावं म्हणून अर्धा तास प्रस्तावना केली. त्या म्हणाल्या, "अहो प्रबोध, हे मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच मागितलं होतं. तुम्ही म्हणालात, किचकट आहे." दहा मिनिटांत सगळं त्यांच्या नावावर झालं. त्यांच्या मुलाने तर मला माहीत नसलेली आणखी एक चूकही दाखवली. त्यानंतर मला एकही फोन आलेला नाही.

आणि डोरीन. क्लबच्या ऑफिसात विचारलं, बोट दुरुस्त न करता सोडायची झाली तर? त्या मुलीने ड्रॉवरमधून एकपानी फॉर्म काढला. मोडीत काढायची म्हणून सही करा, बाकीचं आम्ही बघतो. तो फॉर्म तिथे कायमच होता. मी कधी विचारलंच नव्हतं. तुला पहिल्या पत्रात जी साखळी लिहिली ती सगळी खरी होती, पण तिला बाजूने एक दार होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

मंगळवारी यंत्राचा पंजा आला. मी बघायला गेलो, जायला नको होतं. माझ्या नव्या प्लायवूडवर बसवलेला भाग सगळ्यात शेवटी तुटला, पंजा तीन वेळा घसरला. पाक मान शेजारी उभा होता. म्हणाला, "युअर वर्क, गुड वर्क." मग जरा वेळाने म्हणाला, "बट द बोट, नो." चाळीस मिनिटांत संपलं. मला रडू आलं आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि या दोन्हींतलं कुठलं खरं म्हणायचं ते मला अजून कळत नाही.

कपाट तू परत भरून टाक. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तक्रार करणार नाही.

प्रबोध


पासिर रिस, २२ मे

मीनल,

तुझं उत्तर नाही. तेरा दिवस झाले. एवढ्यात येणारही नव्हतं, तरी रोज आंटींकडे जाऊन येतो.

एक नवीन गोष्ट झाली आहे आणि ती मी तुला आधी सांगतो, कारण दुसऱ्या कुणाकडून कळली तर तिचा अर्थ वेगळाच होईल. सोमवारी तन्मयचा फोन आला. तुला आठवेल, माझ्या हाताखाली होता, दिवाळीला आपल्याकडे यायचा आणि तुझ्या चकल्या बांधून न्यायचा. आता तोआ पायोहला एका कंपनीत मोठ्या जागेवर आहे. मला काढल्याचं त्याला कुठूनतरी समजलं. म्हणाला, "सर, आमच्याकडे जागा आहे. पासचं आमची एचआर बघेल, तुम्ही फक्त हो म्हणा. मॅडमनाही परत आणा, नाही तर काय तुम्ही एकटे पडाल." गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं.

दोन दिवस मला फार बरं वाटलं. हे तुला सांगणं भाग आहे. मंगळवारी मी तोआ पायोहला उगीचच जाऊन आलो, त्यांच्या इमारतीखाली कॉफी प्यालो, गळ्यात कार्ड अडकवलेले लोक जेवायला उतरले ते बघत बसलो. हॉकर सेंटरमध्ये जेवायची माझी जागाही ठरवून झाली, कोपऱ्यातली, पंख्याखाली. येताना गाडीत मी तुला पत्रही रचत होतो, की कसं सहा महिनेच फक्त, कसं ऋताच्या कॉलेजच्या दृष्टीने, कसं तूही समजून घेशील. फार सुंदर जमत होतं. पासिर रिसला उतरलो तेव्हा मला माझाच आवाज ऐकू यायला लागला, तो वीस मिनिटांचा, खिडकीपाशी उभा राहून बोललेला. तू आत्ता माझ्यासमोर नव्हतीस तरी मी तुला पटवतच होतो.

काल गुरुवार होता. तन्मयला नाही म्हटलं. तो म्हणाला, सर, नीट विचार केलात ना? मी या वेळी काहीही चांगलं वाक्य बोललो नाही. म्हटलं, हो.

आता गंमत बघ. एप्रिलमध्ये मला दुसरा मार्ग नव्हता, तेव्हा मी तुम्हाला निवडलं असं लिहिलं आणि तुझा विश्वास बसला. काल मला खरोखरच दुसरा मार्ग होता, मी तो सोडला, आणि तू यावर विश्वास ठेवावास असं कुठलंही कारण मी शिल्लक ठेवलेलं नाही. तन्मयचा नंबर द्यावा, तर तो माझाच माणूस. त्याच्या ईमेलची प्रत लावावी, तर ती लावणारा मीच. सगळीकडून मीच मला आडवा येतो. काल दिवसभर या खोलीत हेच करत बसलो, तुला खात्री वाटेल असं काय पाठवता येईल. तसं काही नाही. तेव्हा तू यातलं काही खरं धरू नकोस. मी फक्त झालेलं लिहिलं.

मी कशासाठी येतोय तेही साध्या शब्दांत सांगतो. मला तुझी आणि ऋताची फार आठवण येते. ऋता आता कशी चालते, तिचा आवाज दुसऱ्या खोलीतून कसा येतो, हे मला माहीत नाही. तू वह्या तपासताना ओठ हलवतेस की नाही, तेही. पुण्यात मला नोकरी नाही, कुणी मला हाका मारणार नाही, आणि त्याची भीती अजून तितकीच आहे. ती घेऊनच येतोय.

दोन जूनच्या रात्रीचं विमान आहे. तीनला सकाळी पुण्यात असेन. मी तुमच्या दारात येणार नाही. विवेककडे मागची खोली आहे, तो म्हणाला हवं तितके दिवस राहा. मला राहायला जागा नव्हती म्हणून तुझ्याकडे आलो असं या वेळी व्हायला नको. तुमची बारा खोकी मालवाहू कंपनीकडून वेगळी येतील, ती तुमच्याच पत्त्यावर.

पंधरा जूनला सोमवार आहे. ऋताच्या शाळेचं नाव तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. किती वाजता भरते ते मला माहीत नाही, तेव्हा सकाळी साडेसहापासून मी फाटकाशी असेन. तिला आधी सांगायचं की नाही ते तू ठरव. तू नको म्हणालीस तर रस्त्याच्या पलीकडे उभा राहीन, तिला दिसणार नाही अशा जागी. ती आत गेली की मी जाईन.

प्रबोध